अंगणातले घर आणि नकाराचा अधिकार : कॅलिफोर्नियाच्या बांधकाम नियमांतून आपण काय घ्यावे?

आपल्याच घरामागच्या मोकळ्या जागेत म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी किंवा लग्न झालेल्या मुलासाठी दोन खोल्या बांधायच्या असतील, तर परवानगी कोणाची लागावी? नगरपालिकेच्या अभियंत्याने नकाशा तपासावा, हे समजण्यासारखे आहे. पण शेजाऱ्यांनी सभेत हात वर करून ठरवायचे का? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात या प्रश्नावर गेली चाळीस वर्षे संघर्ष चालू आहे. २०१६ पासून राज्याच्या विधिमंडळाने कायद्यांमागून कायदे करून त्याचे उत्तर जवळजवळ निश्चित केले आहे : घर नियमात बसत असेल तर नाही म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

तिकडे या घरांना 'अ‍ॅक्सेसरी ड्वेलिंग युनिट' म्हणतात. 'एडीयू' हे त्याचे रोजच्या बोलण्यातले रूप. एका प्लॉटवर मुख्य घर असताना त्याच्या मागे, शेजारी, गॅरेजमध्ये किंवा घराच्याच एका भागात केलेले, स्वतंत्र स्वयंपाकघर असलेले छोटे घर म्हणजे एडीयू. लेखात आपण त्याला पूरक घर म्हणू.

हा विषय वरवर पाहता इंजिनिअर आणि बिल्डर लोकांचा वाटेल. पण कोणी कुठे राहावे हे चौरस फूट, पार्किंग आणि सामासिक अंतराच्या भाषेत कसे ठरवले जाते, हे समजून घ्यायचे असेल तर आंबेडकरी चळवळीतल्या तरुणांसाठी याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

परवान्यामागचा इतिहास

सुरुवात १८८० च्या सॅन फ्रान्सिस्कोपासून करावी लागेल. तेथील नगरपालिकेने नियम केला की, लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची असेल तर परवाना घ्यावा लागेल. कारण दिले आगीचे. नियमात चिनी माणसाचा उल्लेखही नव्हता. पण शहरातील बहुतेक लाँड्री लाकडी इमारतींत होत्या आणि त्यांतल्या बहुतेक चिनी स्थलांतरितांच्या होत्या. सुमारे दोनशे चिनी अर्जदारांनी परवाना मागितला. सगळ्यांना नकार मिळाला. चिनी नसलेल्या सुमारे ऐंशी अर्जदारांपैकी एक सोडून सर्वांना परवाना मिळाला. 'यिक वो विरुद्ध हॉपकिन्स' या खटल्यात १८८६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कायदा कागदावर निःपक्षपाती दिसला तरी तो राबवणारा हात भेदभाव करत असेल तर ती समान संरक्षणाच्या हक्काची पायमल्लीच आहे.

पुढे १९१० मध्ये बाल्टिमोर शहराने उघडच वंशावर आधारित वस्त्यांचा नियम केला. गोऱ्यांच्या गल्लीत काळ्यांनी राहायचे नाही आणि काळ्यांच्या गल्लीत गोऱ्यांनी. अनेक शहरांनी त्याची नक्कल केली. लुईव्हिल शहराचा असाच नियम १९१७ साली 'बुकॅनन विरुद्ध वॉर्ली' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. उघड दार बंद झाले तेव्हा मागचे दार आधीच तयार होते. १९१६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने 'येथे एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचे घर' असा विभाग आखला होता. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातील शिक्षण आटोपून लंडनला गेले ते हेच साल. बर्कलीच्या नियमात वंशाचा शब्द नव्हता, पण सुरुवातीच्या काळातच त्याचा वापर जपानी आणि चिनी लाँड्री हटवण्यासाठी झाला. मोठा प्लॉट आणि एकच घर, म्हणजे महाग घर. गरीब, स्थलांतरित आणि काळी माणसे आपोआप बाहेर राहिली.

१९२६ मध्ये 'युक्लिड विरुद्ध अ‍ॅम्ब्लर' या निकालाने अशा झोनिंगला घटनात्मक मान्यता दिली. त्या निकालपत्रात भाड्याच्या घरांच्या इमारतीला परजीवी म्हटले आहे. याच काळात घरांच्या खरेदीखतांत 'हे घर गोऱ्याखेरीज कोणाला विकणार नाही' अशी कलमे सर्रास घातली जात. १९४८ साली न्यायालयाने ती अंमलात आणण्यास नकार दिला. मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात, ११ एप्रिल १९६८ रोजी, 'फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट'वर सही झाली आणि घर विकताना किंवा भाड्याने देताना वंशभेद करणे बेकायदा ठरले. मात्र एका प्लॉटवर एकच घर हा नियम तसाच राहिला. वंशाचा शब्द नसल्यामुळे त्याला हात लागला नाही. बर्कलीच्या नगर परिषदेने या नियमामागचा वंशवादी इतिहास मान्य करून तो संपवण्याचा ठराव केला तो थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये. मधल्या शंभर वर्षांत तीन-चार पिढ्यांची घरे, शाळा आणि संपत्ती ठरून गेली.

नियमांच्या आडून नकार कसा दिला जातो

पूरक घरांना परवानगी देणारा कायदा कॅलिफोर्नियात १९८२ पासून आहे. घरे मात्र फारशी झाली नाहीत, कारण अटी घालण्याचे काम नगरपालिकांकडे होते. त्या अटींची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. प्लॉट अमुक इतका मोठा हवा. मागच्या आणि बाजूच्या हद्दीपासून इतके अंतर हवे की घरासाठी जागाच उरू नये. नव्या घरासाठी आणखी पार्किंग हवे. गॅरेजचे घर केले तर गेलेल्या पार्किंगची भरपाई करा. मालकाने त्याच प्लॉटवर राहिले पाहिजे. पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या जोडणीचे शुल्क मोठ्या घराइतकेच भरा. आणि सर्वांत शेवटी जाहीर सुनावणी, जिथे शेजारी उभे राहून 'वस्तीचे स्वरूप बिघडेल' असे सांगत.

'वस्तीचे स्वरूप' या शब्दांत सर्व काही बसते. पूरक घर म्हणजे भाडेकरू, आणि भाडेकरू म्हणजे बहुधा कमी उत्पन्नाचा, बहुधा वेगळ्या रंगाचा माणूस. हे कोणी बोलत नाही. बोलणे होते ते पार्किंगचे.

२००२ च्या दुरुस्तीने सुनावणीची प्रथा काढली. अर्ज नियमात बसतो की नाही एवढेच पाहायचे, असे ठरले. पण नियम करणारे तेच राहिल्यामुळे अटींचे जाळे कायम राहिले.

२०१६ नंतर काय बदलले

घरटंचाई आणि भाडेवाढीने मध्यमवर्गही बेजार झाल्यावर विधिमंडळ जागे झाले. २०१६ मध्ये दोन कायदे झाले आणि १ जानेवारी २०१७ पासून लागू झाले. परिणाम लगेच दिसला. लॉस एंजेलिस शहरात २०१६ मध्ये पूरक घरांसाठी जेमतेम ऐंशी अर्ज आले होते. पुढच्याच वर्षी तो आकडा दोन हजारांच्या जवळ गेला. लोकांची गरज आणि तयारी आधीपासून होती, अडकले होते ते नियमांत.

नगरपालिकांनी नव्या पळवाटा शोधल्या. मग २०१९ मध्ये त्याहून कडक कायदे आले आणि १ जानेवारी २०२० पासून चित्र असे झाले :

– पूर्ण अर्ज आल्यापासून ६० दिवसांत निर्णय द्यायचा. दिला नाही तर परवानगी मिळाली असे मानायचे.
– ८०० चौरस फुटांपर्यंतचे, १६ फूट उंचीचे आणि मागच्या व बाजूच्या हद्दीपासून ४ फूट अंतर राखणारे घर कोणत्याही स्थानिक नियमाने अडवता येणार नाही.
– किमान प्लॉटची अट रद्द.
– सार्वजनिक वाहतुकीच्या थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आत पार्किंग मागता येणार नाही, आणि गॅरेजचे घर केल्यास बदली पार्किंगही नाही.
– ७५० चौरस फुटांपेक्षा लहान घरावर विकास शुल्काचा बोजा नाही.
– गृहसंस्थेच्या खासगी करारातही पूरक घरांवर बंदी घालता येणार नाही.

२०२२ च्या दुरुस्तीने आणखी एक वाट बंद केली. अर्ज नाकारायचा असेल तर काय काय चुकले आणि ते कसे दुरुस्त करायचे, याची पूर्ण यादी त्याच ६० दिवसांत लेखी द्यावी लागते. एक त्रुटी दुरुस्त करून आणली की दुसरी काढायची, हा खेळ तिकडेही चालत असे.

आज कॅलिफोर्नियात वर्षाला वीस हजारांहून अधिक पूरक घरांना परवाने मिळतात. २०१६ मध्ये हा आकडा एक-दीड हजारांच्या घरात होता.

श्रीमंत वस्त्यांचा विरोध संपलेला नाही. २०२१ मध्ये एका प्लॉटवर दोन घरे आणि प्लॉटची विभागणी यांना वाट देणारा वेगळा कायदा झाला, तेव्हा वुडसाइड या धनाढ्य गावाने जाहीर केले की आमचे संपूर्ण गाव हा प्यूमा या वन्यप्राण्याचा अधिवास आहे, त्यामुळे हा कायदा येथे लागू होत नाही. राज्याच्या महाधिवक्त्यांनी खडसावल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये गावाला माघार घ्यावी लागली. त्याच गावात मोठे बंगले बांधायला मात्र प्यूमाची अडचण नव्हती. हंटिंग्टन बीच या शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये पूरक घरांचे अर्ज घेणेच थांबवले. मार्चमध्ये राज्य सरकारने दावा दाखल केला आणि त्याच महिन्यात शहराने पूरक घरांचे अर्ज पुन्हा स्वीकारायला सुरुवात केली.

या कायद्याने काय साधले नाही

या बदलाचे कौतुक करताना त्याच्या मर्यादाही पाहायला हव्यात. पूरक घर बांधता येते ते ज्याच्याकडे आधीच प्लॉट आहे त्याला. अमेरिकेत सुमारे ७४ टक्के गोरी कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात. काळ्या कुटुंबांत हे प्रमाण सुमारे ४५ टक्के आहे. शंभर वर्षांच्या झोनिंगने आणि गृहकर्जातील भेदभावाने ज्यांना मालक होऊ दिले नाही, त्यांना अंगणात बांधण्याचा हक्क देऊन उपयोग काय? अंगणच नाही.

दुसरी अडचण पैशाची. स्वतंत्र पूरक घराला दीड लाख डॉलर आणि त्याहून बराच अधिक खर्च येतो. घरावर बँकेचे कर्ज मिळू शकणाराच तो पेलू शकतो. कमी-मध्यम उत्पन्नाच्या मालकांसाठी राज्याने ४० हजार डॉलरपर्यंतचे अनुदान सुरू केले होते, पण मागणीपुढे निधी टिकला नाही. थोडक्यात, परवानगीचा अडथळा दूर झाला, तरी जमीन आणि भांडवलाचा प्रश्न आहे तिथेच आहे.

तिसरा प्रश्न आपल्या परदेशातील बांधवांना थेट भिडणारा आहे. मागच्या अंगणातले घर भाड्याने द्यायचे तेव्हा भाडेकरू निवडणारा मालक शेजारीच राहतो. १९६८ च्या संघीय कायद्यात, मालक स्वतः राहत असलेल्या चार घरांपर्यंतच्या इमारतीला बहुतांश तरतुदींतून सूट आहे. वंशाच्या बाबतीत १८६६ चा नागरी हक्क कायदा ती सूट मानत नाही. कॅलिफोर्नियाचा स्वतःचा कायदा अधिक कडक आहे. तिथे सूट आहे ती स्वतःच्या घरात एकच व्यक्ती खोलीत ठेवणाऱ्या मालकाला, स्वतंत्र पूरक घराला नाही.

पण जातीचे काय? सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी घालणारा नियम केला. अमेरिकेत असे करणारे ते पहिले शहर. नोकरी आणि सार्वजनिक सेवांबरोबर घर देण्याचाही त्यात समावेश आहे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरानेही असे पाऊल उचलले. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेल्या जातिभेदविरोधी विधेयकावर मात्र राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नकाराधिकार वापरला. सध्याच्या कायद्यात ही बंदी आधीच येते, असे कारण त्यांनी दिले. पार्किंगसारख्या गोष्टीसाठी अर्ध्या मैलाचे अंतर कायद्यात लिहून घ्यावे लागले, कारण लिहिले नसते तर नगरपालिकांनी ते मानले नसते. मग जात हा शब्द न लिहिता ती बंदी आपोआप लागू होईल, यावर कोणी विश्वास ठेवावा?

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. पूरक घरांच्या बाबतीत राज्य पुढे गेले आणि शहरांनी अडवले. जातीच्या बाबतीत दोन शहरे पुढे गेली आणि राज्य थांबले. स्थानिक सत्ता चांगली की वरची, असे सरसकट सूत्र त्यामुळे मांडता येत नाही. नाकारण्याचा अधिकार कोणाकडे आहे, तो लेखी नियमाने बांधलेला आहे का, आणि नकाराचे कारण मागता येते का, हे प्रत्येक ठिकाणी तपासावे लागते.

आपल्या वस्तीचा बांधकाम नियम

गावकुसाबाहेरच्या वस्तीलाही बांधकामाचे नियम होतेच. ते फक्त लिहिलेले नव्हते. 'अस्पृश्य अथवा भारतीय घेट्टोची मुले' या लेखनात बाबासाहेबांनी त्यांची यादीच दिली आहे. वस्ती गावापासून वेगळी हवी, ती दक्षिणेला हवी, अस्पृश्याने कौलारू घर बांधणे हा गुन्हा. दिशा, अंतर, छपराचे साहित्य! आजच्या कोणत्याही विकास नियंत्रण नियमावलीत याच बाबी असतात. गावाचा नियम मोडल्याची शिक्षा मात्र पूर्ण वस्तीला मिळत असे, आणि त्या नियमाविरुद्ध अपील नव्हते.

आज कायदा लेखी आहे आणि अपीलही आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ नुसार नियोजन प्राधिकरणाने ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमात बसणाऱ्या बांधकामाला मानीव परवानगी मिळते. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये जी मुदत लागू केली, तेवढीच मुदत आपल्याकडे १९६६ च्या कायद्यात आहे. परवानगी नाकारली तर कारण देणे बंधनकारक आहे आणि राज्य शासनाकडे अपील करता येते. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागासाठी आलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या लहान भूखंडासाठी परवानगीची प्रक्रिया आणखी सोपी केली आहे. विहित नकाशा, आवश्यक कागद आणि शुल्काची पावती एवढ्यावर काम सुरू करता येते.

तरीही आपल्या किती वस्त्यांत या तरतुदी वापरल्या जातात? पहिली अडचण कागदाची. भूखंड लहान आहे, घर नियमात बसते, पण सातबारा नाही, मिळकत पत्रिका नाही. वस्ती गायरानावर किंवा सरकारी जागेवर दोन-तीन पिढ्यांपासून आहे. रमाई आवास योजना अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच आहे, पण तिथेही स्वतःची जागा किंवा कच्चे घर दाखवावे लागते. जागा नसलेल्यांसाठी जागा खरेदीला अर्थसाहाय्य देणारी वेगळी योजना शासनाला आणावी लागली, यातच सर्व काही आले. कॅलिफोर्नियात काळ्या कुटुंबांना अंगण नाही, आपल्याकडे अंगण आहे पण ते आपल्या नावावर नाही.

दुसरी अडचण माहितीची. वरच्या मजल्यावर एक खोली चढवायची म्हटली की आपला माणूस आधी ओळखीचा नगरसेवक शोधतो. मग एजंट येतो. शेवटी विनापरवाना बांधकाम होते आणि पुढची वीस वर्षे नोटिशीच्या भीतीत जातात. जो नियम आपल्याला संरक्षण देतो तोच ठाऊक नसल्यामुळे आपण स्वतःला अनधिकृत करून घेतो. आणि अनधिकृत वस्तीवर बुलडोझर पाठवणे सगळ्यांत सोपे असते.

तरुणांनी काय करावे

मोर्चा आणि निवेदन यांचे महत्त्व आहेच. पण वर पाहिलेल्या सगळ्या लढाया शेवटी नियमाच्या एका ओळीवर जिंकल्या किंवा हरल्या गेल्या. म्हणून प्रत्येक वस्तीत चार-पाच शिकलेल्या मुला-मुलींनी पुढील कामे वाटून घ्यावीत.

पहिले, आपल्या शहराच्या विकास आराखड्यात आपली वस्ती कोणत्या विभागात दाखवली आहे ते पाहावे. वस्तीवर रस्ता, उद्यान किंवा अन्य आरक्षण टाकलेले असेल तर ते घर पडायची वेळ आल्यावर कळून उपयोग नाही. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती व सूचनांसाठी ठरावीक मुदत असते. ती मुदत चुकवू नये. विहाराच्या फलकावर त्या दिवसांत तीच सूचना असावी.

दुसरे, घराघराची कागदपत्रे गोळा करावीत. कोणाकडे मिळकत पत्रिका आहे, कोणाकडे फक्त कर पावती आहे, कोणाकडे काहीच नाही, याची वस्तीनिहाय यादी तयार ठेवावी. एकेकट्याच्या अर्जाला उत्तर मिळत नाही, तिथे शंभर घरांच्या यादीला द्यावे लागते.

तिसरे, परवानगीचा अर्ज कधी दिला त्याची पोच घ्यावी आणि ६० दिवस मोजावेत. त्रुटी काढली तर ती लेखी मागावी. माहिती अधिकार आणि २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम यासाठीच आहेत. मानीव परवानगीचा दावा करताना नकाशा नियमात बसलाच पाहिजे, म्हणून वास्तुविशारद किंवा स्थापत्य अभियंता असलेल्या आपल्या मुलांनी महिन्यातला एक रविवार वस्तीला द्यावा.

चौथे, अमेरिकेत किंवा अन्य देशांत असलेल्या आपल्या बांधवांनी तिथल्या नगर परिषदेच्या सभांना जावे. सिएटलचा नियम होण्यापूर्वी सामान्य माणसे माइकसमोर उभी राहून बोलली होती. घर भाड्याने घेताना आडनावावरून किंवा जातीवरून नकार मिळाला तर तारीख, संदेश आणि जाहिरात जपून ठेवावी. तक्रार पुराव्यावर उभी राहते.

कॅलिफोर्नियात एका अंगणातल्या आठशे चौरस फुटांसाठी १९८२ पासून २०२० पर्यंत अडतीस वर्षे लागली. ज्यांनी हा पाठपुरावा केला त्यांनी प्रत्येक पळवाटेची नोंद ठेवली आणि पुढच्या दुरुस्तीत ती बंद करून घेतली. आपल्या वस्त्यांच्या बाबतीत अशी नोंद कोण ठेवते आहे? नगरपालिकेच्या नगररचना विभागात सोमवारी जाऊन आपल्या प्रभागाचा नकाशा मागण्यापासून हे काम सुरू करता येईल.

जय भीम!